वाढती लय आणि घाईचे बाण

एका शिक्षकमित्राच्या शाळेतील संगणककक्षात आम्ही दोन दुपारी एक खेळ मांडून बसलो होतो. पडद्यावर खालून वर चार रांगांतून बाण सरकत येतात. वरच्या कडेला चार स्थिर बाण असतात. सरकता बाण स्थिर बाणावर नेमका बसेल त्या क्षणी त्याच दिशेची कळ दाबायची. मागे गाणे चालू असते आणि बाण गाण्याच्या ठोक्यांवरच बसतील अशा बेताने सोडलेले असतात. कालमापन आणि मापनातील त्रुटी हे विषय या खेळाच्या साहाय्याने शिकवता येतील का, हे आम्हाला पाहायचे होते. गाणे म्हणून गावातल्याच भजनी मंडळाचा एक गजर मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घेतला होता, आणि त्याचे बाण आम्हीच मांडले होते.

आठवीतील एक मुलगी खेळायला बसली. तिचे वडील मंडळात पखवाज वाजवतात, त्यामुळे गजर तिच्या कानात बसलेला होता. तिचा पाय जमिनीवर टाळांबरोबर पडत होता आणि बोटे पायाबरोबर. तरीही लय वाढू लागली की पडद्यावर तिला खालचा दर्जा मिळे, मग थोडे सुधारे, पुन्हा घसरे. शेवटी तिने विचारले, "सर, मी मागं पडतेय का?" तिच्यानंतर बसलेल्या मुलाने स्पीकरचा आवाज अगदी कमी केला. तो गाणे ऐकतच नव्हता, बाण तेवढे पाहत होता. त्याला तिच्यापेक्षा बरेच अधिक गुण मिळाले.

लयीच्या खेळात गाणे न ऐकणाऱ्याला अधिक गुण मिळावेत, हे आम्हाला खटकले. दोष मुलीचा नव्हता हे उघड होते. मग तो कोठे होता, आणि त्यातला किती आमचा व किती खेळाचा, याचा शोध घेताना जे हाती लागले ते येथे मांडत आहोत. खेळाचे परीक्षण म्हणून ते वाचावे.

खेळाचे नाव स्टेपमॅनिया. जपानमधील कोनामी या कंपनीने १९९८ साली 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' नावाचे यंत्र करमणूक केंद्रांत आणले. त्यात पायाखालच्या चार बाणांवर नाचायचे असते. त्याची घरच्या संगणकावर चालणारी प्रतिकृती म्हणून २००१ च्या सुमारास स्टेपमॅनिया तयार झाला. तो फुकट मिळतो, त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे, आणि कोणत्याही गाण्याचे बाण स्वतः मांडण्याची सोय त्यात आहे. बाणांच्या अशा मांडणीला खेळणारे लोक 'चार्ट' म्हणतात. २००४ साली निघालेले 'इन द ग्रूव्ह' हे करमणूक केंद्रातील यंत्र याच प्रोग्रामवर चालत असे, यावरून त्याच्या कसाची कल्पना यावी.

चार्टची फाईल साध्या मजकुराची असते आणि नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. शिक्षकाच्या दृष्टीने या खेळाचा हा सर्वात मोठा गुण होय. काय चालले आहे ते झाकलेले नाही. गाण्याच्या कोणत्या क्षणी पहिला ठोका आहे, ते एका ओळीत असते. दुसऱ्या ओळीत जोड्या असतात: कितव्या ठोक्यापासून, मिनिटाला किती ठोके. उदाहरणार्थ '०=९६, ३२=१२८' याचा अर्थ आरंभापासून मिनिटाला ९६ ठोके आणि बत्तिसाव्या ठोक्यापासून १२८. तिसऱ्या ओळीत थांबे असतात: कितव्या ठोक्यावर किती सेकंद थांबायचे. पुढे प्रत्यक्ष बाण, शून्य आणि एक या अंकांनी मांडलेले. बाणाची जागा सेकंदांत लिहिलेली नसते, ती ठोक्यांत असते. हा बाण कोणत्या सेकंदाला चौकटीवर बसावा, ते प्रोग्राम वरच्या ओळींवरून बेरीज करून काढतो.

लय एकसारखी असेल तर ही पद्धत उत्तम चालते. यंत्रावर रचलेल्या गाण्यांत ती तशी असते, कारण तेथे लय म्हणजे रचनाकाराने बसवलेला एक आकडा. अशा गाण्यांत लय बदलली तरी अडचण येत नाही. 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'च्या २००६ सालच्या आवृत्तीत 'फॅसिनेशन मॅक्स' नावाचे एक गाणे आहे. त्यात लय १०० पासून ४०० पर्यंत उड्या मारते. खेळणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो, पण चार्ट अचूक असतो, कारण कोणत्या ठोक्यावर किती उडी ते आधीच लिहून ठरलेले आहे. लिहून बदललेली लय आणि वाजवताना बदललेली लय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या प्रथम लक्षात आले नव्हते.

माणसे एकत्र वाजवतात तेव्हा लय हळूहळू चढते, उतरते, रेंगाळते. आपल्याकडे गजर चढत जातो हे सांगायला नको. पाश्चात्त्य रॉक संगीतातही तेच आहे. २००६ साली आलेल्या 'गिटार हीरो'च्या दुसऱ्या भागात अखेरचे गाणे 'फ्री बर्ड' हे होते. त्याचा पूर्वार्ध संथ आणि उत्तरार्ध धावता, आणि सारे माणसांनी वाजवलेले. अशा गाण्यावर बाण बसवायचे तर लय आधी मोजावी लागते. आम्ही ती मोजली, आणि मोजून चुकलो.

गजराच्या ज्या भागात मुलगी अडखळली असे वाटत होते, तेथे ३२ ठोक्यांत लय ९६ वरून १२८ वर जात होती. (आकडे सोयीसाठी गोल केले आहेत आणि दर ठोक्याला लय एकाने वाढते असे धरले आहे.) या ३२ ठोक्यांना किती वेळ लागेल? प्रथम आम्ही सरळ सरासरी घेतली. ९६ आणि १२८ यांची सरासरी ११२. मिनिटाला ११२ या दराने ३२ ठोक्यांना १७.१४ सेकंद लागतात. आता कॅल्क्युलेटर घेऊन प्रत्येक ठोक्याचा वेळ वेगळा काढावा: पहिल्याला ६० भागिले ९६.५, दुसऱ्याला ६० भागिले ९७.५, असे बत्तीस भागाकार, आणि त्यांची बेरीज. ती १७.२६ सेकंद येते. फरक सुमारे ११८ मिलिसेकंदांचा आहे.

हा फरक वाचकांच्या ओळखीचा आहे. जाताना ताशी ४० किलोमीटर आणि येताना ६०, तर सरासरी वेग किती, असे आपण वर्गात विचारतो आणि निम्मी मुले ५० म्हणतात. उत्तर ४८ येते, कारण संथ प्रवासात गाडी अधिक वेळ असते. संथ ठोकेही अधिक वेळ खातात. हे उदाहरण आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर सोडवत आलो आहोत, आणि तरी गजराच्या वेळी ११२ लिहून मोकळे झालो. शिवाय ११८ मिलिसेकंद ही केवळ शेवटची चूक आहे. मधल्या सोळाव्या ठोक्यावर पाहिले तर बाण ६७८ मिलिसेकंद आधी येतो, म्हणजे एका ठोक्याहूनही अधिक. असा चार्ट कोणालाही खेळता येणार नाही. तो आम्ही लगेच टाकून दिला.

मग चार पायऱ्या केल्या. पहिल्या आठ ठोक्यांना १००, पुढच्या आठांना १०८, मग ११६, मग १२४. एकूण वेळ १७.२५ सेकंद आला. शेवटच्या ठोक्यावर चूक ८ मिलिसेकंदांहूनही कमी. आम्ही खूश झालो आणि हाच चार्ट मुलांपुढे ठेवला.

चूक शेवटी नव्हती, मध्ये होती. पहिल्या पायरीत गजर ९६ ने सुरू होतो, पण बाण १०० च्या दराने धावू लागतात. चौथ्या ठोक्याला खरा वेळ २.४४९ सेकंद, बाणाचा २.४०० सेकंद. बाण ४९ मिलिसेकंद आधी पोहोचला. आठव्या ठोक्यापर्यंत गजर बाणांना गाठतो आणि चूक ३ मिलिसेकंदांच्या आत येते. लगेच पुढची पायरी सुरू होते आणि बाण पुन्हा पुढे पळतात. पुढच्या तीन पायऱ्यांच्या मध्यावर ही चूक अनुक्रमे ४५, ४१ आणि ३८ मिलिसेकंद भरते. एखादी एस.टी. दर मोठ्या स्थानकावर वेळेवर असावी आणि मधल्या प्रत्येक थांब्यावरून वेळेआधीच निघून जावी, तसा हा प्रकार आहे. वेळापत्रक तपासणारा मोठ्या स्थानकावरच उभा असेल तर त्याला काही कळणार नाही. आम्ही शेवटचा ठोका तपासून समाधान मानले, ते असेच.

लय चढत असताना सरासरीच्या पायऱ्या केल्या, तर पायरीच्या मध्यावर बाण नेहमी आधीच येतो, कधी मागे राहत नाही, हेही लक्षात घ्यावे. म्हणून जो गाण्याबरोबर राहील तो खेळाच्या हिशेबाने नेहमी उशिरा ठरतो. स्टेपमॅनियाच्या मूळ मांडणीत सर्वात वरचा दर्जा 'मार्व्हलस' मिळण्यास कळ बाणाच्या आगेमागे २२.५ मिलिसेकंदांत दाबावी लागते, 'परफेक्ट'ला ४५, 'ग्रेट'ला ९०. एक मुलगी तंतोतंत ठोक्यावर कळ दाबते आणि बाण तिच्या ४९ मिलिसेकंद आधी येऊन गेलेला असतो. तिला तिसरा दर्जा मिळणार. थोड्या वेळाने पहिला मिळणार, मग पुन्हा घसरणार. "मी मागं पडतेय का?" या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत आहे. बाण पाहणाऱ्या मुलाला यातले काहीच जाणवत नव्हते, कारण बाण आणि गुण एकाच चुकीच्या घड्याळावर चालत होते.

येथवरचा दोष आमचा. आता खेळाकडे वळू.

पहिला आक्षेप असा की, लय चढत जाते हे सांगण्याची जागाच या फाईलमध्ये नाही. दिलेला आकडा पुढचा आकडा येईपर्यंत स्थिर राहतो. आलेख काढला तर जिना दिसतो, उतार कधीच दिसत नाही. संगीताच्या मिडी फाईलींतही जिनाच असतो, तेव्हा याचा दोष एकट्या स्टेपमॅनियाला देणे बरोबर नाही. पण मिडी फाईलमध्ये मिनिटाला किती ठोके हा आकडा ठेवत नाहीत. एका ठोक्याला किती मायक्रोसेकंद, हे लिहितात. १२० ची लय तेथे ५,००,००० अशी दिसते. ही निवड आम्हाला शहाणपणाची वाटते. ठोक्यांचे वेळ एकात एक मिळवता येतात आणि त्यांची सरासरी खरी निघते. लयींचे तसे होत नाही. ज्या राशीची बेरीज करता येत नाही तीच फाईलमध्ये भरायला लावली, तर भरणारा सरासरीच्या खड्ड्यात पडणारच. आम्ही पडलो, आणि हौशी चार्टकारही पडत असले पाहिजेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लय बदलण्याची जागा ठोक्यांत मोजली जाते, सेकंदांत नाही. त्यामुळे आरंभीचा एक आकडा जरा चुकला की पुढचे सारे सरकते. १२०.५ ची लय १२० धरली तर तीन मिनिटांत दीड ठोक्याची तफावत पडते. पुढे पन्नास ठिकाणी लय अगदी बरोबर मोजली असली तरी आधीची चूक पुढच्या प्रत्येक बाणाच्या डोक्यावर बसते. दुरुस्तीही तशीच. दहावा ठोका सुधारावा तर उरलेले तीनशे हलतात, आणि जे बरोबर होते ते चुकतात. साखळीने शेत मोजताना प्रत्येक वेळी मागच्या खुणेपासूनच पुढे मोजत गेले आणि बांधाच्या दगडाशी कधी पडताळलेच नाही, तर जे होईल ते येथे होते.

ऑस्ट्रेलियन प्रोग्रामर डीन हर्बर्ट यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या 'ओसू' या खेळात हे वेगळ्या रीतीने केले आहे. तेथे लयीचा प्रत्येक बिंदू मिलिसेकंदांत रोवलेला असतो: गाण्याच्या अमुक मिलिसेकंदाला ठोका आहे आणि येथून पुढे एक ठोका अमुक मिलिसेकंदांचा. संपादकाच्या पडद्यावर तो लाल रेघेने दिसतो. मागे काहीही चुकले असो, लाल रेघेपाशी हिशेब नव्याने सुरू होतो. चूक साठत नाही. बांधाचा दगड प्रत्येक रेघेला आहे. माणसांनी वाजवलेल्या गाण्यासाठी ही पद्धत निःसंशय सरस आहे, असे आमचे मत झाले.

तिची किंमत मात्र मोजावी लागते. 'ओसू'त खेळाचे ठोके स्वतःदेखील मिलिसेकंदांतच लिहिलेले असतात. लाल रेघ सुधारली तरी आधी मांडलेले ठोके आपोआप सुधारत नाहीत, ते पुन्हा बसवावे लागतात. स्टेपमॅनियाच्या फाईलमध्ये 'हा बाण सातव्या आवर्तनाच्या तिसऱ्या ठोक्यावर आहे' ही संगीताची माहिती टिकते. 'ओसू'च्या फाईलमध्ये उरते ते 'हा ठोका ४१,२३० व्या मिलिसेकंदाला आहे' एवढेच. एक फाईल ताल जाणते पण घड्याळ जाणत नाही, दुसरी घड्याळ जाणते पण ताल विसरते. दोन्ही जोड्या एकत्र ठेवायला काय हरकत होती, हा ठोका आणि हा त्याचा क्षण अशा? तसे केले असते तर लय लिहावीच लागली नसती. दोन क्षणांच्या वजाबाकीतून ती कधीही काढता आली असती.

जाणकार खेळाडूंचा एक आक्षेप आम्ही ऐकला आहे, आणि तो पोकळ नाही. स्टेपमॅनियात बाणांमधील अंतर ठोक्यांच्या प्रमाणात असते. म्हणून लय वाढली की बाण वेगाने सरकतात, आणि प्रत्येक ठोक्याला लय बदलली तर सरकताना किंचित हिसके बसतात. डोळ्याला ते त्रासदायक होते, म्हणून बरेच चार्टकार लय थोडक्या पायऱ्यांत ठेवणे पसंत करतात. म्हणजे डोळ्याच्या सुखासाठी कानाला फसवायचे. यावर उपाय आहे. खेळाडूला 'सी-मॉड' नावाचा पर्याय निवडता येतो. त्यात बाणांमधील अंतर वेळेच्या प्रमाणात होते आणि सरकण्याचा वेग स्थिर राहतो. आलेखाच्या आडव्या अक्षावर ठोके घ्यायचे की सेकंद, एवढाच हा प्रश्न आहे, आणि नववीच्या मुलांना तो तसाच समजावता येतो. पुढे पाचव्या आवृत्तीच्या फाईलींत दिसण्याचा वेग आणि ठोक्याचा वेळ वेगळे लिहिण्याची सोयही झाली. त्यानंतर हा आक्षेप फारसा उरत नाही.

आणखी एका सोयीबद्दल लिहिले पाहिजे. स्टेपमॅनियात 'ऑटोसिंक' आहे. खेळणारा सतत उशिरा कळ दाबत असेल तर चार्टचा आरंभच चुकला असावा असे मानून प्रोग्राम तो सरकवतो. खेळणाऱ्याआधी चार्टवर संशय घेणारे हे यंत्र आम्हाला फार आवडले. आपल्या परीक्षांत ही वृत्ती क्वचित दिसते. पण आमच्या दुखण्यावर हे औषध चालले नसते. आमची चूक स्थिर नव्हती, शून्यापासून ४९ पर्यंत वर-खाली होत होती. सरासरी ३० मिलिसेकंदांनी सारे सरकवले असते तर पायरीच्या मध्ये बाण थोडे आधी आणि टोकांना थोडे उशिरा आले असते. दुखणे तसेच राहून ताप तेवढा उतरला असता.

दुसऱ्या दुपारी आम्ही नव्याने मोजणी केली, आणि ती मुलांकडूनच करवली. ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्राम ध्वनीचा आलेख दाखवतो. गाणे वाजत असताना दोन कळा एकत्र दाबल्या की त्या क्षणी खूण उमटते, आणि सगळ्या खुणांच्या वेळा सेकंदांत वेगळ्या फाईलमध्ये काढता येतात. पाच मुलांनी तोच गजर पाच वेळा खुणावला. एकाच ठोक्याच्या पाच वेळा पाच निघाल्या. मुलांना प्रथम वाटले, चार जण चुकले. येथे सरासरी घेणे योग्य आहे, कारण मिळवतो आहोत ते वेळ आहेत. सरासरीने इकडेतिकडे विखुरलेली चूक कमी होते. पण सर्वांची एकाच बाजूला होणारी चूक तिने जात नाही, आणि अशी चूक येथे असतेच. नियमित ठोक्याबरोबर टिचकी मारायला सांगितले तर माणसे ठोक्याच्या किंचित आधी मारतात, काही दशक मिलिसेकंद आधी, हे पुष्कळ प्रयोगांत आढळले आहे. वाजवण्याची सवय असलेल्यांत हा फरक कमी असतो. म्हणून अखेरीस टाळेचा उंचवटा आलेखावर डोळ्यांनी पाहून खुणा सरकवाव्या लागल्या. विखुरलेली त्रुटी आणि एकतर्फी त्रुटी यांतला भेद शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला प्रयोगशाळेत मिळालेले नाही. (ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी मोजणी आणि खेळ यांसाठी एकच ध्वनिफाईल वापरावी. एमपी३ करताना आरंभी सुमारे हजार नमुन्यांची, म्हणजे २५ मिलिसेकंदांची शांतता वाढू शकते. आमचा एक तास त्यात गेला.)

मग दर दोन ठोक्यांना एक अशा सोळा पायऱ्या केल्या. सरळ चढणाऱ्या लयीत इतक्या पायऱ्या घेतल्या तर मधली चूक ४ मिलिसेकंदांच्या आत राहते. ती कोणाच्या बोटाला कळणारी नाही. गजराच्या शेवटी बुवा क्षणभर थांबतात आणि सगळे टाळ पुन्हा एकदम पडतात. तेथे स्टेपमॅनियाचा थांबा वापरला. या ठिकाणी मात्र ही फाईल 'ओसू'पेक्षा सोयीची ठरते, हे मान्य केले पाहिजे.

मुलगी पुन्हा बसली. बाण पाहणारा मुलगाही बसला. त्याचे गुण जवळजवळ आदल्या दिवसाइतकेच राहिले. बाण गाण्याबरोबर आहेत की नाहीत याचा बाणच पाहणाऱ्याला फरक पडत नाही. मुलीचे गुण त्याच्या पुढे गेले. चढत्या लयीच्या बत्तीस ठोक्यांत तिला एकदाही तिसरा दर्जा मिळाला नाही. बुवांच्या थांब्यानंतरचे दोन बाण तिने चुकवले. आम्ही फाईल उघडून थांब्याचा आकडा आलेखाशी ताडून पाहिला, आणि तिलाही पाहायला बोलावले. आकडा बरोबर होता. "तिथं मीच घाई केली," ती म्हणाली.